थार उंच करताय? आधी टायरचे गणित समजून घ्या

ठाकुर्लीच्या ९० फुटी रस्त्यावर फिरणारी थार रविवारी माळशेजकडे निघाली, की मालकाला लिफ्ट किट खुणावते. पण खर्चाची सुरुवात तिथून करणे चूक आहे.

लिफ्टने काय होते?
बॉडी उंच होते. पण थारचा मागचा अॅक्सल एकसंध असल्याने त्यातला डिफरन्शियल जमिनीपासून होता तितकाच राहतो. तो उचलतात फक्त मोठे टायर. शिवाय गुरुत्वमध्य वर सरकल्याने घाटाच्या वळणावर गाडी जास्त कलते.

मोठे टायर घेतले तर?
व्यास १० टक्के वाढला, तर स्पीडोमीटरवर ८० दिसताना खरा वेग ८८ असतो. चाकाची ओढ सुमारे ९ टक्के घटते. ती भरून काढायला डिफरन्शियलचे गिअर बदलावे लागतात. म्हणजे खर्चाला खर्च.

कायदा काय सांगतो?
मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई करते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले.

मग करायचे काय?
फोर बाय फोर थारला २२६ मिमी ग्राउंड क्लिअरन्स आणि लो-रेंज गिअर कंपनीच देते. मूळ मापाचे ऑल-टेरेन टायर, हवा भरायचा पंप, रिकव्हरी स्ट्रॅप आणि चालवण्याचे प्रशिक्षण घ्या. चिखलात अडकल्यावर उंची नव्हे, हेच कामी येते.