'चीटिंग'चं खानदान

गल्ली क्रिकेटमध्ये आपण ज्याला 'चीटिंग' म्हणतो, तो शब्द मुळात सरकारी आहे. जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेत' म्हणजे वाट्याला येऊन पडलेलं काहीतरी. नॉर्मन लोकांमागून तो इंग्लंडच्या कायद्यात शिरला आणि 'एस्चीट' झाला. जमीनधारक निर्वारस मेला की जमीन ती देणाऱ्या सरदाराकडे किंवा राजाकडे परत. वसुलीला राजाचे 'एस्चीटर' फिरत. त्यांची कीर्ती अशी की शब्दाचं डोकं उडून उरला नुसता 'चीट'.

हीच वहिवाट डलहौसीने 'लॅप्स' या नावाने नागपुरात चालवली. ११ डिसेंबर १८५३ला रघुजी तिसरे वारले, १८५४मध्ये राज्य खालसा. आणि अजूनही आपल्यातलेच लोक बिनधास्त सांगतात, "वारसच नव्हता ना!"

होता की. यशवंतराव अहेररावांनी अंत्यसंस्कार केले, राण्यांनी त्यांना दत्तक घेतलं, नाव ठेवलं जानोजी. मराठी मुलखात विधवेला दत्तक घेता येतो, हा आपला जुनाच कायदा. पण वारस 'नल' आहे का, हे तपासणारी अट लिहिली कोणी? ज्याला मालमत्ता मिळणार त्यानेच. असा कोड आमच्याकडे रिव्ह्यूलासुद्धा पास होत नाही.

आणि मुळात एस्चीट लागू व्हायला जमीन आधी तुम्ही दिलेली हवी. डलहौसीचं म्हणणं, १८१८मध्ये अप्पासाहेबांना काढून आम्हीच रघुजींना गादी दिली. बरं. पण ते रघुजी कोण? भोसल्यांच्या मुलीकडचे नातू, स्वतःच दत्तक. तेव्हा दत्तक चालला, कारण चालवायचा होता. १८५४पर्यंत मँचेस्टरला वऱ्हाड-नागपूरचा कापूस हवासा झाला होता. डलहौसीने कापसाचा मुद्दा लेखी मांडलाही आहे. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल लिलावात गेले, दागिने कलकत्त्याला. बाकाबाईंचा विरोध कागदावर राहिला.

१८५७ उलटल्यावर त्याच जानोजींना सरकारने देऊरचे राजेबहादूर केलं. म्हणजे वारस मान्य, राज्य मात्र परत नाही.

आज हे दोन्ही शब्द आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २९६मध्ये शेजारी बसलेत, 'एस्चीट ऑर लॅप्स'. बेवारस मालमत्ता सरकारकडे जावी, याला माझी हरकत नाही. कुठेतरी जायलाच हवी. हरकत पाठ्यपुस्तकी वाक्याला आहे. 'वारस नसल्याने नागपूर खालसा झाले' असं लिहिणारा एस्चीटरचा जबाब उतरवून घेतोय. 'वारस नाकारून खालसा केले' असं लिहा. दोनच शब्द बदलायचेत.