शौकाची जुनी गाडी : आधी खालून पाहा
कापडाचा सौदा करताना आम्ही तागा उलटून पाहतो. जुनी जीप घेताना मात्र रंगावर भुललो. मालवणच्या खाऱ्या हवेने तिचा तळ गंजून गेला होता. एका पावसाळ्यात दुरुस्तीचा खर्च किमतीच्या वर गेला.

शौक करणे गुन्हा नाही, पण तो दुकानाच्या भांडवलावर पोसू नये. १९८५ साली आलेली जिप्सी असो वा साधी मारुती, किनाऱ्यापासून दूर वापरलेली गाडी शोधा. ओळखीच्या मिस्त्रीकडून चेसिस व ब्रेकच्या नळ्या तपासून घ्या. गोव्याची गाडी असल्यास ना हरकत दाखला आणि महाराष्ट्राचा कर आधीच हिशेबात धरा. १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण लागते, तेही पाहा.

व्यापारी बंधूंनो, ऐब आधी सांगणाऱ्याला दोन पैसे जास्त द्या. तेच स्वस्त पडते.