उपचाराचा खर्च केसपेपरच्या आधीच सुरू होतो

डॉक्टरांची फी किती, हे आपण लगेच विचारतो. पण जाण्या-येण्याचं भाडं, सोबत आलेल्या माणसाचा बुडालेला रोज, बाहेरचं जेवण, रिपोर्टसाठी मारलेली दुसरी चक्कर हे सगळं कोण मोजतं? फी माफ झाली तरी हा खर्च माफ होत नाही. म्हणून उपचार मोफत असूनही कितीतरी पेशंट घरीच बसून राहतात.

‘आरोग्यसेवा सगळ्यांना परवडली पाहिजे’ हे म्हणायला सोपं आहे. ते करून दाखवलेल्या दोन जागा आज बघू या.

पहिली मदुराई. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि १९७६ साली त्यांनी तिथे फक्त ११ खाटांचं डोळ्यांचं हॉस्पिटल सुरू केलं. तेच आजचं अरविंद नेत्र रुग्णालय. त्यांच्या कामातून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

पेशंट येत नसेल तर आपण जायचं. अरविंदची माणसं गावोगावी शिबिरं घेतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन लागणार असेल तर पेशंटला बसने नेणं, राहणं, जेवण आणि परत सोडणं हे सगळं तेच बघतात. लहान गावांमध्ये त्यांनी तपासणी केंद्रंही उघडली. तिथे प्रशिक्षित कर्मचारी डोळे तपासतात आणि मोठ्या हॉस्पिटलमधले डॉक्टर व्हिडिओवरून सल्ला देतात. साध्या तक्रारीसाठी शहर गाठावं लागत नाही.

खर्च कमी करायचा, दर्जा नाही. एक ऑपरेशन चालू असताना शेजारच्या टेबलावर पुढचा पेशंट तयार असतो. तयारीची बरीच कामं प्रशिक्षण घेतलेल्या खेड्यांतल्या मुली करतात, त्यामुळे डॉक्टरांचा वेळ वाया जात नाही. डोळ्यात बसवायची लेन्स तेव्हा परदेशातून यायची आणि तिची किंमत सुमारे १०० डॉलर असायची. १९९२ मध्ये त्यांनी ऑरोलॅब नावाचा स्वतःचा कारखाना काढला आणि लेन्स साधारण दहाव्या हिश्श्यात बनवली.

पैसे असोत-नसोत, डॉक्टर तेच. पैसे भरणाऱ्याला वेगळी खोली मिळते, न भरणाऱ्याला साधा मोठा हॉल. पण ऑपरेशन करणारे हात तेच असतात. पैसे देणाऱ्यांकडून जे मिळतं, त्यातूनच बाकीच्यांचा खर्च भागतो.

दुसरी जागा आपल्या गडचिरोलीतली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. दवाखाना कसा हवा, हे त्यांनी आदिवासी गावकऱ्यांनाच विचारलं. मोठ्या इमारतीची त्यांना भीती वाटत होती आणि नातेवाइकांना पेशंटजवळ राहायचं होतं. मग दवाखाना झोपड्यांसारखा बांधला आणि त्याला त्यांच्याच दंतेश्वरी देवीचं नाव दिलं. गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळांचे मृत्यू कमी झाले आणि पुढे देशभरातल्या आशाताईंच्या कामात ही पद्धत आली.

दोन्हीकडे एकच प्रश्न आधी विचारला गेला: पेशंट कशामुळे अडतो? हाच प्रश्न आपण घरीही विचारू शकतो.

• ऑपरेशन ठरवण्याआधी एकूण खर्चाचा अंदाज लेखी मागा. यात लाजण्यासारखं काही नाही.
• सगळ्या तपासण्या एकाच दिवशी होतील का, रिपोर्ट फोनवर मिळेल का, हे विचारा.
• ‘याचं जेनेरिक औषध चालेल का?’ असं डॉक्टरांना विचारा. जनऔषधी केंद्रात तीच औषधं बरीच स्वस्त मिळतात. मात्र स्वतःच्या मनाने औषध बदलू नका किंवा बंद करू नका.
• घरात ७० वर्षांच्या पुढचं कोणी असेल तर आयुष्मान कार्डाची चौकशी करा. योजना लागू असलेल्या राज्यांत उत्पन्न कितीही असलं तरी हे कार्ड निघतं आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या रुग्णालयातल्या उपचारांना संरक्षण मिळतं.
• साध्या सल्ल्यासाठी सरकारची ‘ई-संजीवनी’ ही मोफत ऑनलाइन सेवा आहे.

आणि एक शेवटचं. घरातलं मोठं माणूस ‘आता या वयात कशाला?’ म्हणतं, तेव्हा त्याचा अर्थ बरेचदा ‘तुला रजा काढावी लागेल’ असा असतो. ‘दवाखान्यात जायचं का?’ असं विचारलंत तर उत्तर ‘नको’ असंच येईल. त्यापेक्षा वेळ घेऊन ठेवा, रिक्षा सांगून ठेवा आणि ‘शनिवारी सकाळी दहाला निघू या’ एवढंच म्हणा.