दगडावर प्रेम करणं सोपं असतं

‘जगातलं सर्वांत मोठं हिंदू मंदिर भारतात नाही, कंबोडियात आहे. अभिमान असेल तर फॉरवर्ड करा.’ सोबत अंगकोर वाटचा सूर्योदयाचा फोटो. हा मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल. माझ्याकडे तो वर्षातून दोन-तीनदा येतो. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने हे मंदिर विष्णूसाठी बांधलं, हे खरंच आहे. पुढे ते बौद्ध झालं आणि आजही तिथे भिक्खू दिसतात, हे मात्र मेसेजमध्ये नसतं. तेही एक वेळ सोडून देऊ. माझं भांडण ‘अभिमान’ या शब्दाशी आहे. ज्या लोकांचं एक गाणंही आपण ऐकलेलं नाही, त्यांच्या वारशाचा अभिमान आपल्याला कसा काय वाटतो?

अंगकोरचा अभिमान आणखी एका मंडळींना होता. १७ एप्रिल १९७५ला ख्मेर रूजच्या फौजा नॉम पेनमध्ये शिरल्या. त्यांच्या राजवटीच्या लाल झेंड्यावर पिवळ्या रंगात काय होतं, ठाऊक आहे? अंगकोर वाटची शिखरं. त्या झेंड्याखाली पावणेचार वर्षांत सुमारे १५ ते २० लाख माणसं उपासमारीने, रोगाने, अतिश्रमाने आणि थेट हत्येने मेली. देशातल्या दहांतले नऊ कलावंत त्यात गेले, असा अंदाज नेहमी सांगितला जातो. सिन सिसामुत आणि रॉस सेरेय सोथिया हे साठच्या दशकातले तिथले सर्वांत लाडके गायक. त्यांचा शेवट नेमका कसा झाला, हे आजही कुणी खात्रीने सांगू शकत नाही. मंदिर झेंड्यावर आणि गायक बेपत्ता. वारसा म्हणजे फक्त दगड असं मानलं की हे दोन्ही एकाच वेळी करता येतं.

आता गेलं काय, ते बघा. देवळातले विधी, राजदरबारचं नृत्य, चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ या सगळ्यांना साथ करणारा ख्मेर वाद्यमेळ म्हणजे पिनपीट. त्यात लाकडी पट्ट्यांचं रोनियात असतं, गोलात मांडलेल्या घंटा असतात, सनईच्या कुळातलं स्रालाय असतं. साम्फो नावाचा ढोल सगळ्यांना चालवतो. त्यात गुरूंचा वास असतो असं वादक मानतात आणि वाजवण्याआधी उदबत्ती लावतात. हे सगळं शिकवलं जायचं कानाने. नोटेशनच्या वह्या नव्हत्या, सगळा साठा गुरूच्या डोक्यात आणि बोटांत. असा एक म्हातारा वादक भाताच्या शेतात राबून मेला, की त्याच्याबरोबर त्याच्या रचनाही मेल्या. देऊळ ढासळलं तर दगडांना नंबर घालून पुन्हा रचता येतं. या रचना कुठून आणणार?

यावर हमखास येणारं उत्तर मला ठाऊक आहे : ‘पण शब्द तर आपलेच ना!’ हो, ‘पिनपीट’ म्हणजे वीणा आणि वाद्य, दोन्ही संस्कृतातून गेलेले. गंमत अशी, की आजच्या पिनपीटमध्ये वीणाच नाही. बायोन मंदिराच्या भिंतीवर धनुष्याच्या आकाराची वीणा कोरलेली आहे; वाद्यमेळातून ती गेली, नावात राहिली. आणि आपल्याकडे? तशीच वीणा समुद्रगुप्ताच्या नाण्यावर दिसते. आपल्या मैफलीत शेवटची कधी दिसली होती? जी वस्तू आपण स्वतः हरवली, तिच्यावर मालकी सांगायला आपण दुसऱ्याच्या देशात जातो.

दुसरं भांडण शुद्धतावाल्यांशी. चापेई हे लांब मानेचं तंतुवाद्य. गायक ते छेडत धर्मकथा सांगतो, टोमणे मारतो, चालू घडामोडींवर बोलतो. दोन गायक समोरासमोर बसून जागच्या जागी एकमेकांना उत्तरं देतात. आपल्या कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबाची आठवण यावी असं. या वाद्याचे उस्ताद कोंग नाय. लहानपणी देवीच्या आजारात त्यांचे डोळे गेले. ख्मेर रूजच्या काळात त्यांना पक्षाची गाणी गायला लावली. ते वाचले, आणि नंतर बरीच वर्षं राजधानीतल्या झोपडवस्तीत राहिले. २०२१मध्ये व्हानडा या तरुण रॅपरने त्यांना ‘टाइम टू राइझ’ या गाण्यात बोलावलं. ते गाणं कोट्यवधी लोकांनी पाहिलं. परंपरा बाटली, असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. जागच्या जागी शब्द रचून समोरच्याला गप्प करणं हा चापेईचा जुनाच धंदा आहे. रॅप तिला परका कसा?

२०१६मध्ये युनेस्कोने चापेईला तातडीने जपण्याच्या वारशांच्या यादीत घेतलं. चांगलं झालं. पण यादी कुणाला शिकवत नाही. शिकवतो तो माणूस, आणि त्याला भाडं भरावं लागतं. हे ओळखलं आर्न चॉर्न-पॉन्ड यांनी. छावणीत सैनिकांसाठी बासरी वाजवून हा मुलगा जगला. अमेरिकेत वाढला, आणि परत येऊन वाचलेले उस्ताद शोधू लागला. १९९८मध्ये त्यांनी सुरू केलेल्या कामातून आजची ‘कंबोडियन लिव्हिंग आर्ट्स’ ही संस्था उभी राहिली. उस्तादाला मानधन द्यायचं आणि समोर पोरं बसवायची, इतकं ते साधं काम होतं. कोंग नाय २०२४मध्ये गेले, पण त्यांच्याकडून शिकलेले हात आज चापेई वाजवत आहेत.

म्हणून पुढच्या वेळी तो मेसेज आला, की मी खाली कोंग नाय यांच्या गाण्याची लिंक टाकणार आहे. तुम्हीही टाका. काका विचारतील, ‘हे काय?’ सांगा, ज्याचा अभिमान वाटतोय ना, ते हे. पाच मिनिटं ऐका आणि मग फॉरवर्ड करा.