परीक्षेआधी देश ठरवा

आपल्या वस्तीतली एक नर्स सल्ल्याला आली. एजंटाच्या सांगण्यावरून कर्ज काढून ती अमेरिकेची एनक्लेक्स परीक्षा पास झाली; व्हिसा मात्र अडलेला. भारतीयांसाठी ही रांग वर्षानुवर्षांची असते, हे त्याने दडवले. परीक्षा म्हणजे काही व्हिसा नव्हे! तरी तिची मेहनत वाया गेलेली नाही. कॅनडाच्या बहुतेक प्रांतांत २०१५ पासून हीच परीक्षा चालते. ब्रिटनमध्ये ती चालत नाही. तिथे आधी संगणकावरची चाचणी, नंतर ब्रिटनमध्येच जाऊन प्रात्यक्षिक. म्हणून भगिनींनो, आधी देश ठरवा, मग फी भरा. आणि एजंटाचे नोंदणीपत्र मागा. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने ते सक्तीचे आहे. हिच्या एजंटाकडे ते नव्हतेच. नोटीस पाठवली आहे.