धरून ठेवण्याआधी

माझ्या दवाखान्यात येणारी बरीच माणसं आल्या आल्या माफी मागतात. "घरी अगदी गरीब आहे हो डॉक्टर, इथेच असा करतो." माफी कसली त्यात? फिनेलचा वास, शेजारच्या बाकावरचं भुंकणं, थंडगार घसरडं टेबल आणि शेपटी उचलून घातलेला थर्मामीटर. जनावर गुरगुरलं नाही तरच नवल. पण आपल्याकडे याला मस्ती म्हणतात. 'धरा घट्ट' म्हणत तिघं-चौघं त्याला दाबून धरतात आणि काम उरकून टाकतात. पशुवैद्य म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की अशा तपासणीवर भरवसा ठेवता येत नाही.

घाबरलेल्या मांजराच्या हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो. रक्तातली साखर तर मधुमेह वाटावा इतकी वर जाऊ शकते. मध्यंतरी एक काकू त्यांचा बोका घेऊन आल्या. दुसरीकडे त्याची साखर तीनशेच्या घरात निघाली होती आणि इन्सुलिनची चिठ्ठीही हातात पडली होती. पण बोका पाणी जास्त पीत नव्हता, लघवी नेहमीसारखी होती, वजनही घटलेलं नव्हतं. रक्त कसं काढलं, असं विचारल्यावर काकू म्हणाल्या, "तिघांनी धरला होता, किंचाळत होता नुसता." मी त्याला टेबलावर घेतलंच नाही. तो घरी निवांत पडलेला असताना कानाच्या कडेला बारीक टोचून थेंबभर रक्त ग्लुकोमीटरच्या पट्टीवर कसं घ्यायचं, ते त्यांच्या मुलीला शिकवलं. घरी साखर आली एकशे दहा. खात्रीसाठी नंतर फ्रुक्टोसामीनची चाचणी केली. मागच्या दोनेक आठवड्यांत साखर साधारण कशी होती, ते या चाचणीतून कळतं. तीही ठीक निघाली. मधुमेह नसलेल्या त्या बोक्याला इन्सुलिन टोचलं असतं, तर त्याच्या जिवावर बेतलं असतं.

यात एकट्यादुकट्या डॉक्टरचा दोष नाही. आमचं शिक्षणच गुराढोरांभोवती उभं राहिलं. पत्री मारायला बैल पाडतात तसा दोरीचे वेढे घालून तो सुरक्षित कसा पाडायचा, हे आम्ही कॉलेजात नीट शिकलो आणि ते ज्ञान आजही मोलाचं आहे. मात्र जनावराची भीती कमी कशी करायची, हा धडा आमच्या वेळी कुणी घेतला नाही. अमेरिकेत डॉ. सोफिया यिन यांनी 2009 साली कुत्र्या-मांजरांना कमी ताण देऊन कसं हाताळावं, यावर अख्खं पुस्तक लिहिलं. 2016 पासून डॉ. मार्टी बेकर यांचा 'फिअर फ्री' उपक्रम डॉक्टरांना हेच शिकवतो आहे. आपल्याकडे हे अभ्यासक्रमातच यायला हवं.

पण निम्मं काम घरी होतं. मांजराचा पिंजरा माळ्यावरून खाली आला की मांजर पलंगाखाली जातं, कारण तो फक्त सुईच्या दिवशीच दिसतो. तो वर्षभर घरात उघडा राहू द्या. आत त्याचीच जुनी चादर घाला, अधूनमधून बिनमिठाचा उकडलेल्या चिकनचा तुकडा ठेवा. आणि पिंजरा घेताना वरचं झाकण निघणारा घ्या. मी झाकण काढते आणि मांजराला खालच्या अर्ध्या भागातच, स्वतःच्या चादरीवर बसू देते. पाठीवरून टॉवेल टाकला की डोकं आत खुपसून ते गप्प राहतं. मग पोट चाचपायचं, छातीला स्टेथोस्कोप लावायचा, लस द्यायची. बहुतेक वेळा कुणाला त्याला धरावंही लागत नाही.

कुत्रं गुरगुरण्याआधी बरंच काही सांगत असतं. झोप आलेली नसताना जांभई देतं, खाणं समोर नसताना ओठ चाटतं, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतं. तिथेच थांबायला हवं. मोठ्या कुत्र्याला उचलून टेबलावर चढवण्यापेक्षा मी खाली सतरंजीवर बसते. ताटलीला दही फासून पुढे सरकवलं, तर चाटता चाटता लस कधी झाली हे बऱ्याच कुत्र्यांना कळतही नाही.

एवढ्यानेही भागत नसेल, तर निघण्याआधी घरीच देण्याची औषधं आहेत. 'गुंगीचं औषध नको हो,' म्हणून लोक बिचकतात. मांजरांसाठी गॅबापेंटिन जगभर वापरलं जातं. प्रवासाच्या आणि दवाखान्याच्या भीतीसाठी मांजरांना प्रीगॅबालिन द्यायला अमेरिकेच्या एफडीएने 2023 साली मान्यताही दिली. मात्र डोस डॉक्टरांनीच ठरवायचा. माणसांचं पातळ औषध परस्पर कुत्र्याला पाजू नका, काहींत झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्यांना विषारी आहे.

माझे व्यवसायबंधू म्हणतात, एवढा वेळ कुणाकडे आहे? एका गाळ्यात दवाखाना, बाहेर रांग, मदतीला एकच पोरगा, हे सगळं मला ठाऊक आहे. म्हणून मी पाळणाऱ्यांनाही सांगते, की वेळ मागा आणि त्या वेळेचे पैसे द्या. गर्दी असेल तर रिक्षात नाहीतर गाडीत थांबा, नंबर आला की फोन करायला सांगा. नवं पिल्लू असेल तर सुई नसलेल्या दिवशी नुसतं वजन करायला, खाऊ खायला घेऊन या. आणि नखं कापायला आणलेलं कुत्रं थरथरत असेल, तर 'आज राहू द्या, पुढच्या आठवड्यात बघू' असं म्हणणाऱ्या डॉक्टरवर नाराज होऊ नका.