कोरी, पण जुनी

आमच्या विहीणबाई धारवाडच्या. घरात सगळं कानडी; माझ्याशी मात्र मुद्दाम मराठी बोलतात. मी बेळगावची, मी त्यांच्याशी मुद्दाम कानडी बोलते. दोघींचंही मोडकंतोडकं, त्यामुळे भांडण कधी होत नाही! २०२४ च्या सप्टेंबरात आम्ही दोघी एकाच वेळी मिशिगनला लेक-जावयांकडे होतो, तेव्हाची ही गोष्ट.

त्यांना ट्रेलर घ्यायचा होता. ट्रेलर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उसाची ट्रॉली येते. तिकडचा ट्रेलर म्हणजे मोटारीमागे जोडायचं चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर, सगळं. सुट्टीत तळ्याकाठी नेऊन उभा करायचा आणि तिथंच राहायचं. विहीणबाईंनी फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "इदु नम्म सवदत्ती बंडी!" मला हसू आलं. लहानपणी यल्लम्माच्या डोंगराला छप्पर घातलेल्या बैलगाडीतून जायचो, अंथरुणं, भांडी, शिधा सगळं बरोबर. तेच हे.

दोघांनी पाच वर्षं साठवलेले २२ हजार डॉलर होते. मनासारख्या नव्या ट्रेलरची किंमत ३२ हजार. एके दिवशी जावई आनंदानं सांगत आले, की एका डीलरकडे २०२३ चं मॉडेल न खपता उभं आहे, एकदाही वापरलेलं नाही, २१ हजारांत देतोय.

इतकं स्वस्त का? मी बँकेत नोकरी केलेली, मला आधी तेच विचारावंसं वाटलं. जावयांनी नीट समजावलं. कोरोनाच्या काळात विमानं, हॉटेलं नकोशी झाली आणि लोक ट्रेलरच्या मागे लागले. २०२१ मध्ये तिकडच्या कारखान्यांतून अशी फिरती घरं ६ लाखांवर बाहेर पडली. मग व्याजदर चढले, हौस ओसरली. २०२३ मध्ये आकडा ३ लाख १३ हजारांच्या आसपास आला. दुकानांच्या आवारात माल तसाच राहिला. डीलर हा माल बहुधा कर्जावर उचलतो. जितके दिवस उभा, तितकं व्याज. त्यात उन्हाळ्यात पुढच्या सालचं मॉडेल येऊन शेजारी उभं राहतं. खडेबाजारातला कापडवाला दिवाळीनंतर उरलेल्या साड्या ज्या भावात काढतो, तोच हिशेब.

आम्ही चौघं बघायला गेलो. वरून झकास होता. विक्रेता गोड बोलत होता, पण "हा भाव आजच्यापुरता" हे तीनदा म्हणाला. लेकीनं कागद पुढं ओढले. तेवढ्यात विहीणबाई आतून बाहेर आल्या, नाकाला पदर लावून. "नीरु सोर्याद री इल्ली."

"अम्मा, सुम्निरु!" जावई एकदम म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. लेकीनं माझ्याकडे पाहिलं. वाचकहो, लेकीच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, पण त्यांच्या पैशांच्या गोष्टीत मी कधी तोंड घातलं नव्हतं. सासूनं घालू नये, असंच आम्हाला शिकवलेलं. पण मी आत गेले. पलंगामागच्या कोपऱ्यात तोच वास होता, श्रावणात माळ्यावरच्या गोधड्यांना येतो तो. बेळगावच्या पावसात जन्म काढलेल्या बाईला ओल ओळखायला यंत्र लागत नाही. पाय दाबून पाहिला, जमीन किंचित खाली गेली. बाहेर येऊन म्हटलं, "विहीणबाईंचं खरं आहे. आज सही करू नका."

परतताना गाडीत कोणी बोललं नाही.

दोन दिवसांनी जावयांनी स्वतःच पैसे मोजून एक तपासनीस नेला. तिकडे असं काम करणारे लोक असतात. त्याच्या ओल मोजण्याच्या यंत्रानं तो कोपरा दाखवला. छताच्या सांध्यावरचं लुकण तडकलं होतं. उघड्यावर दोन हिवाळे, दोन वेळा बर्फ. पाणी आत मुरत राहिलं होतं. गाडी चालली नाही म्हणून झिजली नाही, असं नसतं. उभी राहूनही ती झिजते.

पुढं दुसरीकडे त्याच सालचा, पण शेडखाली उभा असलेला ट्रेलर मिळाला. या वेळी जावयांनी आधी टायर पाहिले. टायरच्या कडेला जो लांब नंबर असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि साल. तिथं २३२२ होतं, म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. "टायर दोन वर्षांचे झालेत, नवे घालून द्या," म्हणाले, आणि घालून घेतले. बॅटरीही बदलून घेतली. वॉरंटी आजपासून सुरू, हे लिहून घेतलं. सौदा बरोबर २२ हजारांत मिटला.

आपल्याकडे ट्रेलर कोण घेणार म्हणा! पण जानेवारीत गेल्या सालच्या स्कूटर-मोटारींवर सूट निघतेच. २०१७ च्या मार्चअखेरीस बीएस-३ गाड्यांची विक्री बंद होणार म्हणून शोरूमपुढं लागलेल्या रांगा तुम्हाला आठवत असतील. अशी गाडी जरूर घ्या, त्यात कमीपणा काही नाही. पण कारखान्यातून निघाल्याचा महिना बघा, टायरचे चार आकडे वाचा, इतके दिवस कुठं उभी होती ते विचारा. आणि विकताना तिचं साल जुनंच धरतील, हे ध्यानात ठेवून भाव करा.

परवा जावयांचा फोन आला. जुनं घर बघायला चाललेत. म्हणाले, "अत्ती, तिकीट काढू का? तुम्ही आणि अम्मा दोघी या. वास घ्यायचाय."